जुनी व्हीटेक घ्यायची म्हणता?

मुलगा नोकरीला लागून दोन वर्षे झाली की घरात गाडीचा विषय निघतोच. अम्मीला वाटते, छोटी का होईना नवी गाडी यावी. मुलाच्या मोबाइलमध्ये मात्र २००१ सालच्या होंडा सिटीचे फोटो भरलेले असतात. "नवी सोडून हे भंगार कशाला?" हा अब्बांचा प्रश्न रास्तच आहे. पण मुलाचे म्हणणेही अगदी पोरकट नसते, म्हणून या महिन्यात त्यावरच बोलू.

होंडा सिटी भारतात आली १९९८ मध्ये. २००० साली तिची दीड लिटरची 'व्हीटेक' निघाली. जेमतेम एक टन वजनाच्या गाडीला १०६ अश्वशक्तीचे इंजिन. त्या काळी आपल्या रस्त्यांवर ही मोठीच गोष्ट होती. २००३ च्या अखेरीस नवी सिटी आली तेव्हा तिचे इंजिन ७७ अश्वशक्तीचे होते. मायलेज चांगले, पण जोर गेला. म्हणून आजही वेगाचे शौकीन त्या तीन-चार वर्षांतली जुनी गाडीच शोधत फिरतात.

तिची गंमत इंजिनाच्या वरच्या भागात आहे. शहरात सावकाश चालवताना व्हाल्व्ह बेताने उघडतात आणि गाडी गरीब गाय असते. फेऱ्या पाच हजारांच्या आसपास गेल्या की ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, व्हाल्व्ह जास्त उघडू लागतात आणि गाडीचा सूरच बदलतो. मुले या आवाजावर फिदा होतात आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असते. तो गाडी तापवून ठेवतो, मोकळ्या रस्त्यावर नेतो, एकदा जोरात दाबतो. सौदा तिथेच अर्धा झालेला असतो.

माझे म्हणणे असे, की पहिल्यांदा अशी गाडी घेणाऱ्याने इंजिन सगळ्यात शेवटी पाहावे. आधी कागद, मग पत्रा, मग मालक. इंजिन खर्चाचे असले तरी उघडून पुन्हा बांधता येते, चांगला उस्ताद ते करून देतो. सडलेला पत्रा आणि अडकलेले आरसी बुक मात्र कोणत्याच गॅरेजमध्ये नीट होत नाही.

कागदांपासून सुरुवात करू. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावे लागते. या गाड्या आता वीस वर्षांपुढे गेल्या आहेत, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून अशा मोटारींच्या नूतनीकरणाची फी दहा हजार रुपये झाली आहे. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. आरसीवरची 'वैध' ही तारीख उलटून गेली असेल, तर गाडी कितीही चमकत असो, तिची किंमत तेवढ्याने खाली यायला हवी. मागे कधी कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याची नोंद पाहा. मग बोनेट उघडून चॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून पाहा. हे या गाडीत विशेष महत्त्वाचे, कारण साध्या सिटीत दुसरे इंजिन बसवून मागे 'व्हीटेक'चे अक्षर चिकटवलेल्या गाड्याही बाजारात फिरतात. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी अडचण तुमची.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ पासून बंधने आली, म्हणून त्या बाहेर विकल्या जाऊ लागल्या. खाऱ्या हवेपासून लांब राहिल्याने त्यांचा पत्रा बरेचदा कोकणातल्या गाडीपेक्षा चांगला असतो, हे खरे. पण तिथल्या आरटीओचे ना-हरकत, इकडचा रोड टॅक्स, नवा नंबर हे सगळे जोडले की स्वस्ताई विरते. पहिल्याच गाडीसाठी हा उद्योग मी सांगणार नाही.

आता पत्रा. गाडी मुंबईची असेल तर एक तारीख लक्षात ठेवा : २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. तेव्हा या सिटी दोन-चार वर्षांच्या होत्या. धुऊन-पुसून त्या पुन्हा बाजारात आल्या. पुढे २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाड. पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. वर कोणी साफ करतो, गुंडाळलेला भाग तसाच राहतो आणि त्यावर मातीची रेघ सापडते. सीटखालचे रूळ आणि त्यांचे नटबोल्ट पाहा. डिकीतले जादा चाक उचलून खालच्या खळग्यात हात फिरवा. डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर असेल तर पुढचे काही पाहू नका, सलाम करून निघा.

गंज पाहायचा तो बॅटरीच्या खाली, चाकांच्या कमानींच्या आतल्या कडेला, दरवाजांच्या खालच्या पट्टीत आणि पुढचे शॉकअप जिथे वर अडकतात तिथे. ही शेवटची जागा खराब असेल तर गाडी वळणावर धरवत नाही, आणि ही गाडी वळणावर जोरातच जाणार. एक छोटे लोहचुंबक रुमालात गुंडाळून न्या. जिथे ते चिकटत नाही तिथे आत पुट्टी आहे. नवा कोरा रंग पाहून खूश होऊ नका. वीस वर्षांच्या गाडीला थोडे ओरखडे असलेलेच बरे, निदान आतले दिसते तरी. बंपर, दिवे, दरवाजांची रबरे यांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चकरा माराव्या लागतील. तिथे नशिबाने मिळते, हवे तेव्हा मिळेलच असे नाही.

मालकाशी बोलणे हा पाहणीचाच भाग आहे. ऐब सांगून माल विकावा ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही. पण घेणाऱ्यानेही नेमके विचारायला हवे. "गाडी कशी आहे?" असे विचारले तर "एक नंबर" असेच उत्तर येणार. "टायमिंग बेल्ट कधी बदलला, पावती आहे का?" असे विचारा. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हाल्व्ह एकमेकांवर आदळण्याचा धोका असतो. पावती नसेल तर गाडी घरी आणल्यावर पहिला खर्च तोच, हे गृहीत धरून भाव करा. मोठा सायलेन्सर, खाली बसवलेली गाडी, रुंद टायर असा साज पोरांना आवडतो. मी मात्र त्याला गाडी किती दामटली गेली याची पावती समजतो. कंपनीतून निघाली तशी राहिलेली, एखाद्या वयस्क गृहस्थाने वापरलेली गाडी दहा-वीस हजार जास्त देऊनही घ्यावी.

एवढे सगळे जमले की मग इंजिन. सकाळी जा, आणि आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागले तर चहा प्या, गप्पा मारा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा या. थंड इंजिन सुरू होतानाच खरे बोलते. जोर दिल्यावर निळा धूर निघाला तर रिंगा गेल्या. उतारावर पाय सोडून पुन्हा दिल्यावर निघाला तर बहुधा व्हाल्व्हची सीले, तो खर्च त्यामानाने कमी. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी आत शिरते आहे. व्हीटेकचा तो बदलता सूर आलाच नाही, तर इंजिन गेलेच असे नसते. ऑइल कमी असेल, घाण असेल किंवा तिथली बारीक जाळी चोंदली असेल, तरी पिन सरकत नाही. गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन तपासून घ्या. दुसरा गिअर टाकताना खरखर झाली तर गिअरबॉक्सचे पैसे बाजूला काढा.

पैशांचे सांगायचे तर इतक्या जुन्या गाडीला बँक सहसा कर्ज देतच नाही, त्यामुळे व्याजाचा प्रश्न आपोआप मिटतो. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या वाटेला मात्र जाऊ नये. जमवलेल्या रकमेचे तीन भाग करा, दोन गाडीला, तिसरा पहिल्या सहा महिन्यांच्या दुरुस्तीला. त्यातही टायर पहिले. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असे टायर बदलायचे. मग ब्रेक, आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. गाडीत पेट्रोलचा वास आला तर ती जागची हलवू नका.

अम्मीची काळजी वेगळी असते, आणि मला ती जास्त खरी वाटते. त्या काळात एअरबॅग सक्तीच्या नव्हत्या. गाडी आजच्या गाडीइतकी पळते, पण धडकेत आजच्या गाडीसारखी सांभाळत नाही. म्हणून मागच्या सीटचे बेल्ट चालतात का, हेही पाहणीच्या दिवशीच पाहा, घरच्यांना बसवायचे आहे.

सौदा ठरला की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्याचा अर्ज. नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक जुनाच राहतो आणि अपघाताची भरपाईही त्याच्याकडेच मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. तेव्हा घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. तो "नंतर करू" म्हणाला तर ठरलेल्या रकमेतले काही हजार आरसी नावावर होईपर्यंत मधल्या ओळखीच्या माणसाकडे ठेवा, आणि दुसरी किल्ली त्याच दिवशी मागून घ्या.