तात्या विंचू लाडका झाला, तिथंच घोळ झाला

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला २’ जून २०१३ मध्ये आला तेव्हा परीक्षणांचा सूर साधारण एकच होता: थ्रीडीची करामत दाद देण्याजोगी, पण लक्ष्याची उणीव भासते आणि पहिल्या भागाची मजा येत नाही. पहिल्या भागात लक्ष्या साकारणारे लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले, तेव्हा ही खंत साहजिकच. तरीही मला ती परीक्षणं अर्धवट वाटतात. हसू कमी पडलं, एवढं त्यांनी नोंदवलं. भीती का ओसरली, याच्या मुळाशी ती फारशी गेली नाहीत. खुनी बाहुल्याच्या चित्रपटाला पहिला प्रश्न तोच विचारायला हवा.

१९९३ चा ‘झपाटलेला’ १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटावर बेतलेला, पण त्यातली भीती इथल्या मातीतली होती. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्या मराठी घरांना ठाऊक होत्या आणि त्यांच्या वडिलांचा अर्धवटराव तर घरातलाच वाटायचा. असा बाहुला जवळून पाहिला तर ओठांच्या दोन्ही कडांपासून हनुवटीपर्यंत दोन चिरा दिसतात. त्यांच्यामधला जबडा वर-खाली होतो, बुबुळं डावी-उजवीकडे फिरतात, आणि ही सगळी हालचाल पाठीत घातलेल्या हाताच्या बोटांवर चालते. तो हात आहे, म्हणून आपण निर्धास्त हसतो. ‘झपाटलेला’तल्या खुनी बाहुल्याच्या, तात्या विंचूच्या पाठीत मात्र हातच नव्हता! त्यात संकट ओढवलं ते लक्ष्यावर. बाहुला जिवंत आहे, हे तो खरं सांगत होता, पण सदा थट्टा करणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार? म्हणजे बेर्डेंचा विनोद हा भीतीवरचा उतारा नव्हता. त्या विनोदामुळेच लक्ष्या एकटा पडत गेला आणि आपला जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या भागात लक्ष्याचा मुलगा आदित्य येतो. आदिनाथ कोठारे यांनी तो मन लावून केला आहे. दोष त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. अडचण मूळ कल्पनेतच आहे. मधल्या वीस वर्षांत तात्या विंचू महाराष्ट्राचा लाडका झाला होता. तो खोटा आहे, असं प्रेक्षकांत कुणालाच वाटत नव्हतं. उलट तो कधी बोलतो याचीच सगळे वाट पाहत होते. ज्याच्या येण्यावर शिट्ट्या पडतात, त्याची धास्ती कशी वाटणार? हे दुखणं मराठीपुरतं नाही. अमेरिकेत ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या मालिकेवर समीक्षक तुटून पडले. १९८० च्या पहिल्याच भागाच्या परीक्षणात जीन सिस्केल यांनी शेवट मुद्दाम फोडून टाकला होता. तरी भाग येतच राहिले आणि खुनी जेसन हाच लोकांचा नायक झाला. १९८२ चा तिसरा भाग तर थ्रीडीत होता. पडद्यातून अंगावर येणाऱ्या वस्तू आज कुणाच्या लक्षात आहेत? लक्षात राहिला तो जेसनचा हॉकीचा मुखवटा, जो त्याला याच भागात मिळाला.

यावर कुणी म्हणेल, मुलांसाठी काढलेल्या करमणुकीला एवढं ताणून कशाला धरायचं? पण पहिला भागही मुलांनीच पाहिला आणि त्याला घाबरलीही मुलंच. त्यांना कमी लेखून कसं चालेल? दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मराठी चित्रपटाने थ्रीडीचं धाडस केलं, त्याचं मोल मानायला नको का? जरूर मानावं. मर्यादित बाजारपेठेत असा खर्च अंगावर घेणं सोपं नव्हे आणि महेश कोठारे यांना नव्या तंत्राची ओढ पहिल्यापासून आहे. मात्र तंत्राची शाबासकी आणि गोष्टीचं मोजमाप एकाच तराजूत घालू नये. आपल्या धाराशिव जिल्ह्यात, परंड्यात काय, कळंबमध्ये काय की उमरग्यात, आज हा चित्रपट कुणी लावलाच तर तो घरच्या टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर, थ्रीडी चष्म्याविना. तेव्हाच्या परीक्षणांनी ज्याला सर्वाधिक गुण दिले, नेमकं तेच इथं पोहोचत नाही. पहिला भाग मात्र त्याच टीव्हीवर अजूनही पकड घेतो.

तिसऱ्या भागाची घोषणा झालेलीच आहे. त्यात तात्यावर विश्वास न ठेवणारं एखादं तरी पात्र हवं, आणि त्या अविश्वासाची किंमत त्याला मोजावी लागायला हवी. परीक्षण लिहिणाऱ्यांनीही तेव्हा तंत्राकडे वळण्याआधी पाहावं, की पहिल्या अर्ध्या तासात बाहुला दिसतो किती आणि लपतो किती.