ईटचा पंधरा ऑगस्ट



मागच्या आठवड्यात नातवाचा भूगोल घेत बसले होते. हाताने शेंगा निवडणं चालूच. मध्येच तो म्हणाला, "आजी, दुबई आपल्या पश्चिमेला ना? मग बातम्यांत मध्यपूर्व का म्हणतात?"

म्हटलं, अरे, ही नावं विलायतेतल्या लोकांनी ठेवलेली. लंडनहून बघितलं की अरबस्तान पूर्वेला आणि चीन-जपान अतिपूर्वेला. आपण मुकाट्याने तेच म्हणत राहिलो! रेखांशाची शून्य रेषासुद्धा १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत लंडनजवळच्या ग्रीनिचवरून धरायची ठरली. (आपल्या जुन्या ज्योतिषांनी ती उज्जैनवरून धरली होती. म्हणजे आपणही काही कमी नव्हतो.)

इंग्रजांना हसून झालं आणि इतिहासाची वही निघाली. भारत स्वतंत्र केव्हा झाला? नातवाने झटकन लिहिलं, १५ ऑगस्ट १९४७. तोच पलंगावरून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आमचं ईट नव्हतं झालं रे."

सासूबाईंचं माहेर भूम तालुक्यातलं ईट. आता नव्वदीला टेकल्यात. तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बार्शी तिथून फार लांब नाही, पण ती इंग्रजी मुलखात, म्हणून बार्शीला त्या दिवशी स्वातंत्र्य मिळालं आणि ईटला रझाकारांची धास्ती तशीच राहिली. भारताचं सैन्य १३ सप्टेंबर १९४८ला हैदराबादेत शिरलं, निजाम १७ तारखेला शरण आला. तेरा महिने गेले मध्ये!

मी पुण्याची. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण सतरा सप्टेंबरला सासूबाई देवापुढे जास्तीचा दिवा का लावतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. 'देश' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे माझंच माहेर यायचं. मग इंग्रजांना नावं ठेवण्यात काय अर्थ?

नातू म्हणाला, "मग १७ सप्टेंबर लिहू का?" सासूबाई जरा गप्प झाल्या. म्हणाल्या, "लिही. पण रझाकारांनी छळलं तेवढंच लोक सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. शेजारची माझी मैत्रीण, आम्ही रोज सागरगोटे खेळायचो. त्याच महिन्यात ती लोकं रातोरात गाव सोडून गेली. मुसलमान होती ना. पुन्हा दिसली नाही बघ."

ही म्हातारपणाची कल्पना नव्हे. सैन्य जाऊनही आपल्या सरकारने त्याला 'पोलीस कारवाई' म्हटलं. पण नंतर सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. रझाकारांचे अत्याचार तिने नोंदवलेच, शिवाय कारवाईच्या वेळी आणि नंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा अंदाज दिला. मेलेल्यांत बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढे आलाच नाही.

त्या दिवशी आमचा अभ्यास तिथेच थांबला. शेंगा तशाच राहिल्या.

तुमच्या घरात मराठवाड्याकडची कुणी वडीलधारी बाई असेल, तर तिला जरूर विचारा. तेव्हा दहा-बारा वर्षांच्या असलेल्या मुली आज नव्वदीच्या घरात आहेत. दुपारची झोप झाल्यावर, चहाच्या वेळी विचारलेलं बरं. आणि नातवंडांना जवळ बसवा, वही-पेन्सिल घेऊन.