एकच आकडा, तीन टक्केवाऱ्या, ‘कोणापैकी?’ हा प्रश्न विचारायलाच हवा

‘टायटॅनिक’ १५ एप्रिल १९१२ रोजी बुडाली. वाचलेल्या ७११ जणांपैकी २१२, म्हणजे ३० टक्के जहाजावरील कर्मचारी होते. इतर कोणत्याही गटापेक्षा हा वाटा मोठा. मग ‘कर्मचाऱ्यांनी आधी स्वतःचा जीव वाचवला’, असे म्हणायचे का? आकडा खरा आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

कोष्टक काय सांगते?

ब्रिटिश चौकशी अहवालातील आकडे असे :

• पहिला वर्ग : ३२५ पैकी २०३ वाचले (६२ टक्के)
• दुसरा वर्ग : २८५ पैकी ११८ (४१ टक्के)
• तिसरा वर्ग : ७०६ पैकी १७८ (२५ टक्के)
• कर्मचारी : ८८५ पैकी २१२ (२४ टक्के)
• एकूण : २,२०१ पैकी ७११ (३२ टक्के)

कर्मचारी संख्येनेच जास्त होते, म्हणून वाचलेल्यांमध्येही जास्त दिसतात. प्रत्यक्षात वाचण्याचे प्रमाण त्यांचेच सर्वांत कमी. तेच २१२ जण वाचलेल्यांच्या ३० टक्के, कर्मचाऱ्यांच्या २४ टक्के आणि जहाजावरील सर्वांच्या १० टक्के भरतात. तिन्ही टक्केवाऱ्या बरोबर आहेत. फक्त प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे.

संबंध कसा ओळखायचा?

प्रत्येक गटाची एकूण संख्या १०० धरा आणि गटांची तुलना करा. वर्गाचा आणि वाचण्याचा संबंध नसता, तर प्रत्येक गटात ३२ टक्क्यांच्या आसपासच लोक वाचले असते. इथे ६२ आणि २४ एवढी तफावत आहे. म्हणजे संबंध आहे.

पण संबंध दिसला म्हणजे कारण सापडले, असे नाही. ८८५ कर्मचाऱ्यांत महिला फक्त २३ होत्या. जहाजावरील महिलांपैकी ७३ टक्के वाचल्या, पुरुषांपैकी २१ टक्के. त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या कमी प्रमाणामागे हेही एक कारण असू शकते. तरी वर्गाचा फरक पुसला जात नाही : पहिल्या वर्गातील ९७ टक्के महिला वाचल्या, तिसऱ्या वर्गातील ४६ टक्केच.

आज हे का महत्त्वाचे?

निकालाच्या हंगामात ‘यशस्वी विद्यार्थ्यांपैकी इतके टक्के आमचे’ अशा क्लासच्या जाहिराती झळकतात. पालकांना हवा असतो तो उलटा आकडा : क्लासमध्ये प्रवेश घेतलेल्यांपैकी किती यशस्वी झाले? मोठ्या क्लासचा पहिला आकडा मोठा असणारच. दुसरा आकडा छापला नसेल, तर फी भरण्याआधी तो मागायला हवा. त्यातही प्रवेश देतानाच हुशार मुले निवडली होती का, हेही विचारावे.

हीच जबाबदारी बातमी देणाऱ्यांचीही आहे. टक्केवारी छापताना ती कोणापैकी, आणि एकूण किती, हे दोन आकडे सोबत असलेच पाहिजेत. जागा कमी पडते ही सबब चालणार नाही. मोबाइलच्या पडद्यावर एक ओळ सहज मावते.