न सुनावला गेलेला खटला

प्रश्न विचारणाऱ्या लेखकाला व्यवस्था दोन प्रकारे गप्प करते: आधी शिक्षा देऊन, नंतर सन्मान देऊन. कलकत्त्याच्या ‘हंग्री जनरेशन’ चळवळीला दोन्हींचा अनुभव आला.

मलय व समीर रायचौधुरी, शक्ती चट्टोपाध्याय आणि देबी राय यांनी १९६१ साली आरंभिलेल्या या चळवळीची पत्रके सुट्या कागदांवर छापली जात आणि कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसात फुकट वाटली जात. ही केवळ पैशाची काटकसर नव्हती. प्रकाशक, समीक्षक आणि ग्रंथालय यांच्या संमतीवाचून लेखन हे साहित्य ठरू शकते की नाही, असा तो रोकडा सवाल होता. तोच सवाल त्यांनी साहित्याबाहेर नेला. पशूंचे, राक्षसांचे कागदी मुखवटे त्यांनी मंत्र्यांना व अधिकाऱ्यांना पाठविले. सोबत विनंती एवढीच, की आपला मुखवटा उतरवावा.

सप्टेंबर १९६४ मध्ये उत्तर आले ते अटकेच्या रूपाने. मलय यांच्या ‘प्रचंड वैद्युतिक छुतार’ या कवितेवर अश्लीलतेचा खटला चालला. डिसेंबर १९६५ मध्ये दोनशे रुपये दंड झाला. जुलै १९६७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. निवाडा झाला तो अश्लीलतेचा. मुखवट्याचा खटला कुठल्याच न्यायासनापुढे उभा राहिला नाही.

संकेतांवाचून भाषाच उभी राहत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. परंतु कोणता संकेत अर्थासाठी आवश्यक आणि कोणता केवळ अधिकारासाठी, हे तपासल्यावाचून कळत नाही; आणि तपासणाऱ्यालाच आरोपी केले, तर उरते ती निव्वळ आज्ञाधारकता.

२००३ साली मलय यांनी साहित्य अकादेमीचा अनुवाद पुरस्कार नाकारला. त्याकडे निव्वळ विक्षिप्तपणा म्हणून पाहणे सोयीचे आहे. मराठीलाही ही सोय परकी नाही. बंगालीतून अनुवाद करणाऱ्या अशोक शहाणे यांनी १९६३ साली समकालीन मराठी वाङ्मयावर ‘क्ष-किरण’ टाकला. त्याच दशकात अनियतकालिके निघाली. आज ती परीक्षेतील टिपांचा विषय आहेत. बंडाचे सन आणि नावे पाठ करणारा विद्यार्थी गुण मिळवतो. अभ्यासक्रम कोणी आणि का ठरविला, असे विचारणारा मात्र अजूनही उद्धट ठरतो. ती सुटी पत्रके ग्रंथालयाने जतन करावीत, हे योग्यच. पण त्यांतील प्रश्न कपाटाबाहेर राहायला हवा.