नंबर न लागलेल्या मुलांचे काय?

मराठवाड्याला शिक्षण उशिरा मिळाले, म्हणून इथे शिक्षणाची भूक अजून शमलेली नाही. निजामाच्या राजवटीत १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, ते उर्दू माध्यमाचे. नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याच्या मुलाला पदवीपर्यंत पोचायचे तर हैदराबादचा रस्ता धरावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. त्याच वर्षी तेव्हाच्या औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. लातूरला १९६१ मध्ये दयानंद आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय आले. पाऊस बेभरवशाचा, कारखानदारी नावापुरती. अशा मुलखात घर वर काढण्याचा एकच मार्ग दिसत होता, तो म्हणजे पोराने शिकणे. त्यामुळे परीक्षेवर सगळ्या कुटुंबाचा भार पडला, आणि तो पिढीगणिक वाढतच गेला.

तरीही त्या आरंभीच्या काळात नापास होणाऱ्याला जागा होती. नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास झाले होते. पुढे ते नांदेडच्या शाळेत शिक्षक झाले, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले, आणि महाराष्ट्राने त्यांना विचारवंत म्हणून ओळखले. याचे श्रेय त्यांच्या बुद्धीला आहेच. पण त्यांची पारख गुणपत्रिकेपलीकडे जाऊन करणारी माणसे आणि संस्था त्यांच्या आसपास होत्या, हेही विसरता येत नाही. आज नांदेडात इंटरला अडलेला कुरुंदकर कुठल्या तरी बॅचमध्ये ‘रिपीटर’ म्हणून बसला असता.

आजच्या या बॅचांची मुळे ज्यात आहेत, त्या लातूर पॅटर्नचा उगमही नीट पाहायला हवा. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात जी पद्धत घडली, तिच्यात जादू काही नव्हती. जादा तास, सततच्या सराव परीक्षा, तपासलेली उत्तरपत्रिका लगेच हातात आणि चुकलेल्या प्रश्नावर पुन्हा मेहनत. राज्याच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या नावांमध्ये लातूरची नावे झळकू लागली, तेव्हा मराठवाड्याची मान पहिल्यांदा ताठ झाली. त्या अभिमानाला कुणी नावे ठेवू नयेत. मात्र ती पद्धत कॉलेजातल्या शिक्षकांनी चालवली होती. मुलगा कुठल्या गावचा, बाप काय करतो, या चाचणीत मार्क का घसरले, हे विचारणारा एक तरी मास्तर तिथे असे.

पुढे हा पॅटर्न कॉलेजातून बाहेर पडून बाजारात आला. लातूरला उद्योग भवनाच्या परिसरात आणि नांदेडला बाबानगर, भाग्यनगरच्या बाजूला शिकवण्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. २०१७ पासून राज्यातल्या वैद्यकीय प्रवेशासाठी नीट ही परीक्षा सक्तीची झाली, तशी बारावी मागे पडली. बाजाराने पॅटर्नमधल्या चाचण्या उचलल्या आणि ओळख तेवढी वगळली. शेकडोंच्या बॅचमध्ये मूल रोल नंबराने ओळखले जाते. चाचणीचा निकाल मुलाच्या आधी बापाच्या मोबाइलवर पोचतो. मुखेड किंवा अहमदपूरकडच्या शिवारातून रात्री फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, ‘किती पडले रे?’ जेवलास का, हे त्यानंतर, किंवा विचारायचे राहूनच जाते. बापाला माया नाही असे कोण म्हणेल? सोयाबीनच्या पैशातून क्लासची फी, मेस आणि खोलीचे भाडे भरणाऱ्याच्या पोटातली ती धाकधूक आहे. पोरालाही ती कळते, म्हणूनच ‘मला जमत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही.

आता हिशेब पाहू. २०२४ मध्ये देशभरातून सुमारे २४ लाख मुलांनी नीटसाठी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा सुमारे १ लाख ८ हजार, त्यातल्या शासकीय साधारण निम्म्या. म्हणजे २२ जणांत एकाचा नंबर लागणार, हे परीक्षेआधीच ठरलेले असते. उरलेल्या २१ जणांत आळशी किती, हा प्रश्नच गैरलागू आहे. जागाच नाहीत. त्याच वर्षी पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, तेव्हा प्रामाणिकपणे राबणाऱ्या मुलांच्या मनात नशिबाबरोबर व्यवस्थेबद्दलही शंका शिरली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांत १,७६४ महाराष्ट्रातले होते. हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. अशा प्रत्येक मृत्यूला एकच कारण चिकटवणे चूक ठरेल. आजार, घरची ओढाताण, एकटेपणा, अपयशाची लाज असे बरेच काही एकात एक गुंतलेले असते. पण यातले बरेचसे वेळेवर लक्षात येऊ शकते आणि त्यावर इलाज होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राला पक्के ठाऊक आहे.

मनाच्या दुखण्यावर सार्वजनिक इलाज करण्याचा अनुभव मराठवाड्याला नाही, असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भूकंपाने हादरले आणि सुमारे ८,००० माणसे गेली. त्या वेळी घरे बांधण्याबरोबर माणसांच्या मनांकडेही पाहिले गेले. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. मोहन आगाशे यांनी भूकंपग्रस्तांसाठी काम केले. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. २०१५ मध्ये दुष्काळाने शेतकरी खचत होता, तेव्हा राज्याने त्याच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला; त्यातल्या १४ जिल्ह्यांत मराठवाड्याचे सगळे जिल्हे होते. त्याच वर्षी लातूर जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने एसटीच्या पासाला पैसे नसल्याचे लिहून जीव दिल्याची बातमी आली आणि दुष्काळी भागातल्या मुलांना मोफत पास देण्याची घोषणा झाली. या सगळ्यांत एक सूत्र दिसते. संकट कोसळले की आपण धावतो आणि पंचनामा मिटला की पांगतो. तरुणांच्या मनावरचा ताण भूकंपासारखा एका रात्रीत येत नाही. तो जूनला येतो आणि मेपर्यंत मुक्काम करतो, आणि दर वर्षी येतो.

मग त्याच्यासाठीची व्यवस्थाही बारमाही हवी. कायद्याचा पाया तयार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितले आणि मार्कांवरून बॅचा पाडू नयेत, असेही बजावले. हा आदेश क्लासनाही लागू आहे. तो पाळला जातो की नाही, हे लातूर आणि नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दर सत्राला तपासावे आणि जाहीर करावे. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुखांच्या नावाची वैद्यकीय संस्था आहे. तिथल्या मनोविकार विभागाने आठवड्यातून एक संध्याकाळ शिकवण्यांच्या भागात येऊन बसायला काय हरकत आहे? मुलगा दवाखान्यात जायला लाजतो, पण चौकातल्या खोलीत डोकावेल. डबा न संपवता परत जाणारा मुलगा सर्वांत आधी मेसच्या मावशीला दिसतो, दिवसभर दार लावून बसलेली मुलगी खोलीमालकिणीला दिसते. त्यांना चार लक्षणे आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक ठाऊक असला, तरी कितीतरी गोष्टी वेळेत हाताशी येतील.

क्लासचालकांनी फलकांवर नंबर लागलेल्यांचे फोटो खुशाल लावावेत. पण फी घेतली ती सगळ्यांची. बाकीची मुले पुढे कुठे गेली, नर्सिंगला, शेतीशास्त्राला, बीएस्सीला की घरी, याचीही नोंद त्यांनी ठेवावी आणि प्रवेशाच्या वेळी पालकांसमोर मांडावी. डॉक्टर होण्याखेरीज इतर वाटा आहेत हे पालकाला पहिल्या दिवशी कळले, तर निकालाच्या दिवशी घरावर आभाळ कोसळणार नाही.

ज्या लातूरने शिकवण्याची शिस्त राज्याला दाखवली आणि ज्या नांदेडने नापास झालेल्या मुलाला प्राचार्याच्या खुर्चीपर्यंत जाऊ दिले, त्यांना हे अशक्य नाही. यादीत किती नावे आली, ही मोजणी मराठवाड्याने पुष्कळ केली. यापुढे यादीत न आलेली मुले पुढच्या जूनमध्ये कुठे आणि कशी आहेत, हे ज्या शहराला सांगता येईल, त्यानेच आपल्याला शैक्षणिक केंद्र म्हणवून घ्यावे.