दट्ट्याच्या भांड्याची कैफियत

म्हैसमाळच्या पठारावर तंबू ठोकून रात्र काढावयास जाणाऱ्या मनुष्याने आपल्या पाठपिशवीत पोलादाचे एक लहानसे फ्रेंच प्रेस अवश्य बाळगावे, असे विधान गेल्या मार्गशीर्षात घरच्या बैठकीत माझ्या तोंडून निघून गेले, आणि तेव्हापासून त्याविरुद्ध ज्या हरकती तोंडी, लेखी व टोमण्यांच्या स्वरूपात दाखल होत गेल्या, त्यांची मिसल आता इतकी फुगली आहे की तिचा एकदा उघड फैसला करणेच मला इष्ट वाटते. आमचे छत्रपती संभाजीनगर हे मुळात चहाचे शहर. सिडकोतल्या कॅनॉटमध्ये कॉफीची दुकाने झाली तरी सकाळी गुलमंडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात चहाचाच पेला असावयाचा. तेव्हा येथे कॉफीचा पक्ष घेणाऱ्याला प्रतिवादीच्या पिंजऱ्यात उभे राहूनच बोलावे लागते, आणि तशी माझी तयारी आहे.

ज्यांनी हे पात्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी एवढे सांगितले म्हणजे पुरे, की ते एक उभे नळकांड्यासारखे भांडे असून त्याच्या झाकणातून खाली उतरणाऱ्या दांडीच्या टोकास, भांड्याच्या आतल्या भिंतीला घासून जाणारी बारीक तारेची जाळी बसविलेली असते. जाडसर दळलेल्या कॉफीवर कढत पाणी ओतावे, चार मिनिटे थांबावे, आणि मग सायकलच्या पंपातील दट्ट्याप्रमाणे ती दांडी सावकाश खाली दाबावी, म्हणजे चोथा तळाशी कोंडला जातो व अर्क वर राहतो. नावाने हे फ्रेंच खरे, कारण १८५२ साली पॅरिसच्या मेयर आणि देलफोर्ज या दोघांनी अशा भांड्याचे पेटंट घेतले होते. परंतु त्याला आजच्या रूपाकडे नेणारे १९२९ सालचे पेटंट कालिमानी आणि मोनेता या इटालियनांचे, आणि १९५८ साली त्यात आणखी सुधारणा करणाऱ्या बोंदानिनीचे नावही इटालियन वळणाचेच. मी आपला त्याला दट्ट्याचे भांडे म्हणतो, त्यामुळे फ्रेंच आणि इटालियन यांच्या भांडणात आपणांस पडावे लागत नाही.

आमच्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त प्राध्यापकांची हरकत तत्त्वाची आहे. ते म्हणतात, कॉफी हे आपल्या मातीतले पेय नव्हे. सह्याद्रीच्या फाट्यावर बसून परक्या भांड्यातून परके पेय पिणे ही हौस नसून केवळ अनुकरण होय, आणि चहा काय तो आपला. या ‘आपला’ शब्दाची जरा रुजवात घातली पाहिजे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहाबिस्किटांचा पाहुणचार झाला, आणि त्यापायी लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य ओढवून प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले, हे प्राध्यापकांना मी सांगावे असे नाही. तेथे दोष चहाचा नव्हता, तो वाढणाऱ्या हातांचा मानला गेला, हे मला कबूल आहे. पण चहा त्या काळी आजोबांच्या पंगतीतला पदार्थ नसून साहेबी आगतस्वागताचे लक्षण होता, एवढे तरी त्यावरून निघते. तीन-चार पिढ्यांच्या वहिवाटीने चहा आपला झाला असेल तर कॉफीला मुदत नाकारण्याचे कारण काय? आणि वहिवाटीचाच प्रश्न असेल, तर जायफळ उगाळून केलेली दुधातली कॉफी मराठी घरांत कधीची नांदते आहे.

खरे म्हणजे या शहराने कॉफीला परकी म्हणावे यात मला थोडी कृतघ्नताही दिसते. १६१० साली खडकी या खेड्याच्या जागी नगर वसविणारा मलिक अंबर हा जन्माने हबसाणातला, म्हणजे इथिओपियातला, आणि कॉफीचे झाड रानात आपोआप उगवते तेही हबसाणातच. पुढे ज्या मोख्याच्या बंदराचे नाव कॉफीला जगभर चिकटले, त्याच मोख्यात हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, असे त्याला प्रत्यक्ष भेटलेल्या एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या दस्तरखानावर कहवा होता असा दावा करण्याचे मला प्रयोजन नाही. माझे म्हणणे एवढेच की ज्या मुलुखाने आपणांस नगराचा संस्थापक दिला, त्याच मुलुखाचे बी तेवढे परके कसे? चिकमंगळूरच्या डोंगरात ते बी बाबा बुदन नावाच्या फकिराने येमेनहून आणले ही दक्षिणेची परंपरा आहे, आणि फकिरांच्या वाटेने आलेल्या वस्तूला दर्ग्यांच्या खुलताबादच्या शेजाऱ्यांनी तरी हरकत घेऊ नये.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याची तक्रार अधिक व्यवहारी. ‘मामा, दोन रुपयांची पुडी फाडायची, पाण्यात टाकायची, ढवळायची, त्यासाठी भांडे कशाला वाहायचे?’ असे तो विचारतो. वजनापुरता त्याचा मुद्दा बिनतोड आहे, कारण पुडीहून हलके काहीच नाही. परंतु पुडीतली ती भुकटी म्हणजे कोणी तरी कारखान्यात आधीच काढलेली कॉफी वाळवून केलेला ऐवज होय. ज्या सुवासासाठी कॉफी करावयाची त्यातला बराचसा त्या वाळवणीतच उडून गेलेला असतो. यावर त्याचे उत्तर असे की डोंगरावर भूक लागली म्हणजे सारेच गोड लागते. आता हाच गृहस्थ पौषात हुरड्याला निघाला म्हणजे कणीस गुळभेंडीचेच हवे, गोवऱ्यांचीच आगटी हवी, चटणी ओल्या लसणाचीच हवी, अशा अटींनी शेतमालकाचे डोके उठवितो. भूक जर सर्व रुचिभेद पुसून टाकीत असेल, तर याने हुरड्याऐवजी शिळी भाकरी खाऊन परत यावे!

याहून नाजूक प्रसंग वहिनींच्या हरकतीने उभा राहिला. वहिनींचे बालपण बंगळुरात गेले, आणि त्यांच्या माहेरचे पितळी फिल्टर आजही आमच्या ओट्यावर ज्येष्ठाच्या मानाने उभे असते. ‘भावोजी, जे काम पाणी आपोआप करते तिथे दाबादाबी कशाला?’ हे त्यांचे वाक्य ऐकून मी निरुत्तर झालो होतो हे लपविण्यात अर्थ नाही. घरी आमच्याकडे कॉफी होते ती त्याच फिल्टरातून, आणि घरापुरता मी वहिनींचा पक्षकार आहे. परंतु त्या फिल्टरातून काढा ठिबकावयास पंधरावीस मिनिटे सहज लागतात. तो काढा मुळात दाट, म्हणून त्याला कढत्या दुधाची जोड लागते. दुधासाठी दुसरे पातेले आणि शेगडीची दुसरी फेरी आली. आणि म्हैसमाळावर पहाटेच्या वाऱ्यात ठिबकणारा काढा पुरा उतरेपर्यंत गार होऊन बसतो. ज्या सावकाशीत त्या फिल्टराचा सारा गुण आहे, ती सावकाशी उघड्या पठारावर परवडत नाही, एवढाच माझा आक्षेप. पितळेच्या योग्यतेविषयी मला एक अक्षरही बोलावयाचे नाही. ॲल्युमिनियमच्या इटालियन मोका भांड्याची शिफारस करणारे एक-दोघे भेटले, त्यांना इतकेच उत्तर पुरेल की ते भांडे शेवटच्या थेंबापर्यंत विस्तवावर ठेवावे लागते.

आणि विस्तव हीच येथली खरी अडचण आहे. दिवाळीनंतर म्हैसमाळचे गवत वाळू लागते, आणि होळीपर्यंत ते असे तडतडीत होते की एका ठिणगीने वणवा पेटावा. अशा ठिकाणी चूल मांडणारा मनुष्य रसिक नसून गुन्हेगार समजावा. गौताळा-औट्रमघाटच्या अभयारण्यात तर मुक्काम करावयाचा तो वनखात्याच्या परवानगीने आणि त्यांनी नेमलेल्या जागीच. देवगिरीच्या किल्ल्यावर रात्र काढण्याचा विचारही करू नये, ते संरक्षित स्मारक आहे. उरते ती लहानशी वायूची शेगडी, आणि वाऱ्यात तिचा निम्मा जाळ व्यर्थ जातो. दट्ट्याच्या भांड्याचा मोठा गुण हा, की त्याला पाणी एकदा उकळून मिळाले म्हणजे पुढे विस्तवाशी त्याचा संबंध संपतो. शेगडी विझवून, गार करून, बाजूस ठेवून मग मनुष्य कॉफीकडे वळतो. चहाला दूध, साखर, आले यांच्यासह कढ आणावा लागतो, उतू जाऊ नये म्हणून राखण बसावे लागते, आणि वारा असला तर तेवढ्यात वायूचे नळकांडे अर्धे रिकामे होते. उंचीचाही येथे एक अकल्पित लाभ आहे. दर तीनशे मीटर चढाला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. म्हैसमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरांच्या वर, म्हणजे तेथे पाणी शहाण्णव-सत्त्याण्णव अंशांवरच उकळते, आणि कॉफीला ब्याण्णव ते शहाण्णव अंशांचे पाणी मानवते. शहरात उकळलेले पाणी क्षणभर निववावे लागते. तेथे उकळताच ओतावे.

आता ज्या हरकतीला मी सर्वांत भितो तिच्याकडे येतो. ती आमच्या वकील स्नेह्यांची असून, त्यांनी चव, परंपरा, स्वदेशी या कशालाही हात न लावता एकच प्रश्न टाकला: ‘भांडे धुणार कशाने?’ हा प्रश्न मराठवाड्यातच सुचावा. कोकणातल्या किंवा महाबळेश्वरच्या मनुष्याला तो कदाचित क्षुल्लक वाटेल. पण ज्या नगराच्या संस्थापकाला डोंगरातले पाणी भूमिगत नहरींतून शहरात खेळवावे लागले, ज्या जिल्ह्यात पैठणच्या नाथसागरात पाणी किती टक्के उरले ही बातमी माणसे पंचांगासारखी वाचतात, तेथे एक लिटर पाणी म्हणजे पाठीवरचा एक किलो भार, आणि चोथ्याने माखलेली जाळी धुवावयास तो खर्ची घालणे हा उधळेपणा होय. बाजारात या भांड्याची स्तुती करणारे चव सांगतात, रंग सांगतात, धुण्याविषयी मात्र मौन पाळतात, हे वकिलांचे म्हणणे अगदी रास्त आहे. मीही पहिल्या खेपेस नेमका असाच फसलो होतो: साऱ्या भांड्याला पाणी घालून दोनदा विसळले, चोथा झुडपात फेकला, आणि उतरतीच्या वाटेवर तहानेने व्याकूळ झालो.

परंतु दोष भांड्याचा होता की माझ्या रीतीचा? तेव्हापासून मी असे करतो, की कॉफी पेल्यात ओतून झाली म्हणजे भांडे उघडे टाकून द्यावे. चोथा निथळून घट्ट झाला की दोनदा आपटून तो जुन्या पिशवीत काढून घ्यावा आणि घरच्या कुंड्यांसाठी परत आणावा. मग अर्धी वाटी पाणी घालून दट्ट्या दोनदा वरखाली करावा, ते पाणी तंबूपासून दूर मातीत जिरू द्यावे, आणि जाळी फडक्याने पुसावी. साडेतीनशे मिलिलिटर कॉफीमागे धुण्याला शंभराहून कमी. चहाचे दुधाने धरलेले पातेले इतक्यात निघते काय, हे वकिलांनी शपथेवर सांगावे. मात्र यासाठी एक पथ्य कडक: या भांड्यात दूध कदापि घालू नये. दुधाची साय जाळीच्या तारांत अडकली म्हणजे माझा सारा हिशेब कोलमडतो. ज्याला दूध हवे त्याने दुधाची भुकटी पेल्यात घ्यावी, आणि जायफळाची आठवण सुटत नसेल तर त्याची चिमूट कोरड्या कॉफीतच मिसळावी. हा प्रयोग वहिनींनाही पसंत पडला.

भांडे निवडण्याची कसोटीही याच पाण्यातून निघते. काच नको, काचेत चव निर्मळ राहते हे खरे, पण माझे काचेचे भांडे म्हैसमाळच्या घाटातच पिशवीत फुटले, आणि तुकडे वेचण्यात माझी एक पहाट गेली. भांडे पोलादाचे, तोंड हात आत जाईल इतके रुंद, आणि जाळीची चकती फिरकी काढून सुटी होणारी असावी, कारण जी जाळी सुटत नाही ती पुसताही येत नाही. दुहेरी भिंतीचे भांडे थंडीत ऊब धरते, पण वजन वाढविते, आणि ते शेगडीवर ठेवण्याची सोय नसते. पाणी उकळण्यास वेगळे पातेले असलेल्याने ते घ्यावे, नसलेल्याने एकपदरी. खोक्यावर ‘तीन कप’ लिहिलेले असते तेथे फसू नये. तो साडेतीनशे मिलिलिटरांचा, म्हणजे एका तहानलेल्या मनुष्याचा किंवा दोन सभ्य मनुष्यांचा ऐवज असतो. कॉफीची पूड जाड रव्याइतकी, आणि बिनचिकोरीची घ्यावी. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान एक्कावन्न टक्के असली म्हणजे कायदा संतुष्ट होतो, परंतु उरलेल्या बारीक भुकटीचा जो चिखल जाळीतून पेल्यात उतरतो त्याने पिणारा संतुष्ट होत नाही. आणि जे भांडे पेला म्हणूनही विकले जाते, त्यातूनच घोट घेत बसू नये. खालचा चोथा अर्काला कडू करीतच राहतो.

जाळीतून उतरणाऱ्या तेलकट अंशाने रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते, कागदी गाळणीत तो अंश अडतो, ही वैद्यकीय हरकत खरी आहे, आणि रोज घरी चार-पाच पेले या भांड्यातून घेणाऱ्याने ती मनावर घ्यावी. महिन्यातल्या एका पहाटेला ती लागू करणे मला जाचक वाटते.

एका हरकतीवर मात्र मजजवळ जबाब नाही. भाच्याने परवा विचारले, की कॉफीचा सुवास वाळवणीत उडतो हे तुम्हीच पुडीविरुद्ध सांगता, पण दळल्यापासूनही तो तासातासाने उडतोच, मग आदल्या सायंकाळी घरी दळून डब्यात भरलेली पूड म्हैसमाळला नेता ती ताजी कशी? हातजाते न्यावे तर अर्धा किलो वजन वाढते, म्हणजे अर्ध्या लिटर पाण्याची जागा जाते; न न्यावे तर माझाच युक्तिवाद माझ्यावर उलटतो. त्या रात्री मी डबा हुंगून पाहिला. सुवास होता, पण घरी दळताना होता तितका नव्हता. भाचा शेजारी पुडी फाडीत होता. त्याने मान वर करून पाहिले, आणि मी डब्याचे झाकण लावले.