१६० वा नंबर आणि जमाखर्चाची वही

वाचकहो, टेनिस म्हटले की आपल्या घराघरांत एकच नाव निघते, सानिया मिर्झा. २००७ साली ती एकेरीत जगात २७ वी होती. तिचे कौतुक आपण सर्वांनी केले आणि ते योग्यच होते. पण ज्यांचे नाव पहिल्या शंभरात कधी लागत नाही, तरी वर्षानुवर्षे हाच खेळ हेच ज्यांचे काम असते, त्या मुलींचे काय? आज आम्ही अशाच एका मुलीविषयी लिहीत आहोत. तिचे नाव अंकिता रैना.

अंकिताचा जन्म १९९३ चा, अहमदाबादचा. खेळासाठी ती पुण्यात आली आणि हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली घडली. २००९ च्या सुमारास ती व्यावसायिक स्पर्धांत उतरली. जगातल्या पहिल्या दोनशेत यायला मात्र २०१८ चा एप्रिल उजाडला. म्हणजे नऊ वर्षे! पुढे मार्च २०२० मध्ये ती १६० व्या क्रमांकावर पोहोचली. एकेरीतील तिची हीच सर्वांत वरची पायरी.

आता कोणी म्हणेल, १६० वा नंबर म्हणजे काय मोठेसे? आम्ही कारकुनी करणारी माणसे. नंबर पाहिला की आम्हाला आधी जमाखर्चाची वही आठवते. तीच उघडून पाहू.

या खेळात क्रमवारी ठरते ती गेल्या ५२ आठवड्यांतल्या गुणांवर. नवा आठवडा आला की वर्षापूर्वीच्या त्याच आठवड्याचे गुण गळून पडतात. पंधरा दिवस आजारी पडले की खाडा, आणि खाडा झाला की नंबर घसरला. रोजंदारीवर राबणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्पर्धेत एकूण बक्षीस असते १५,००० डॉलर. ते एकेरी-दुहेरीच्या सर्व खेळाडूंत वाटले जाते. पहिल्या फेरीत हरणारीच्या हाती साधारण दीडशे डॉलर पडतात. विमानाचे तिकीट, खोलीचे भाडे, जेवण, रॅकेटच्या तारा, सगळे त्यातूनच भागवायचे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ सालचा हिशोब मांडला होता. त्यात दिसले, की महिला खेळाडूचा वर्षाचा खर्च सरासरी ४०,००० डॉलरच्या घरात जातो, तोही प्रशिक्षकाचा पगार न धरता. खर्चाची तोंडमिळवणी होत होती ती जेमतेम २५३ व्या क्रमांकापर्यंत. त्याखालच्या मुली बहुतेक पदरमोड करूनच खेळत होत्या.

आणि वरच्या माडीवर? २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मुख्य फेरीत पहिलाच सामना हरणाऱ्यालाही १,३२,००० ऑस्ट्रेलियन डॉलर होते. पात्रता फेरीत पहिल्या सामन्यात हरले तरी ३५,०००. मुख्य फेरीत १२८ जणी असतात. त्यांतल्या १०४ क्रमवारीच्या जोरावर थेट जातात आणि १६ जणी पात्रता फेरीचे लागोपाठ तीन सामने जिंकून येतात. अंकिता उभी होती ती नेमकी या दारात. तिचा नंबर पात्रता फेरीला पुरत होता, पुढचे दार मात्र तिने स्वतः ढकलायचे होते.

जानेवारी २०२१ मध्ये दुबईत ही पात्रता फेरी झाली. अंकिताने दोन सामने जिंकले, तिसरा हरली. तरी ती ऑस्ट्रेलियाला गेली. करोनामुळे चौदा दिवस विलगीकरणात राहिली. तेथे दुहेरीत रुमानियाच्या बुझार्नेस्कूबरोबर खेळली आणि पहिल्याच फेरीत बाद झाली. दुसरी कोणी असती तर परतीचे तिकीट काढले असते. अंकिता थांबली. त्याच फेब्रुवारीत मेलबर्नमध्ये फिलिप आयलंड करंडकाच्या दुहेरीत रशियाच्या कामिला राखिमोवासह तिने विजेतेपद मिळवले आणि दुहेरीत पहिल्या शंभरात आली.

तिच्या वहीत जमेच्या बाजूला आणखीही नोंदी आहेत. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत एकेरीचे कांस्य. २०१९ मध्ये चीनमध्ये अमेरिकन ओपनची माजी विजेती समांथा स्टोसर हिच्यावर विजय. मार्च २०२० मध्ये दुबईत इंडोनेशियाविरुद्ध आधी एकेरी, मग सानियासह निर्णायक दुहेरी जिंकून तिने भारताला फेड चषकाच्या प्ले-ऑफमध्ये प्रथमच नेले. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये दोघी युक्रेनच्या जुळ्या बहिणींकडून ६-०, ६-७, ८-१० अशा हरल्या. पहिला सेट सहा-शून्य जिंकून! आपल्या लक्षात मात्र राहिले ते एवढेच, की 'पहिल्या फेरीत बाद'.

आम्हाला सांगायचे आहे ते हेच. नंबर खोटे बोलत नाही, पण तो सगळे सांगतही नाही. जगाच्या पाठीवर आपल्या कामात १६० वी असलेली बाई घर नीट चालवील की नाही, याची शाश्वती नसावी, हा दोष तिच्या मनगटाचा नाही. पैसा वरच्या शंभरांभोवती साचतो आणि खालच्यांच्या घामावर स्पर्धा भरत राहतात. शिडीच्या खालच्या पायऱ्या काढल्या तर वर कोण चढणार?

आपल्या वस्तीतही मुली खेळतात. कोणी कबड्डी, कोणी खो-खो, कोणी धावते. सामन्याहून पोर घरी आली की आपला पहिला प्रश्न असतो, "कितवा नंबर आला?" माता-पित्यांनो, तो प्रश्न जरा मागे ठेवा. आधी विचारा, किती सामने खेळलीस? राहायची सोय कशी होती? पोटभर जेवलीस का? पायातले बूट अजून किती दिवस टिकतील? आणि घरात एक वही घाला. तिच्या खेळाचा खर्च एका बाजूला लिहा, कोणाकडून काय मदत मिळाली ते दुसऱ्या बाजूला. मदत मागायला जाल तेव्हा ती वही समोर ठेवा. हिशोब लिहून ठेवलेल्या घराला कोणी सहजासहजी वाटेला लावीत नाही.